जुन्या इंजिनाची नाडीपरीक्षा



वसंत व्याख्यानमालेत ज्या विषयांची आपणांस सवय आहे, त्यांत आजचा विषय सहजासहजी बसणारा नाही. इथे संतवाङ्मयावर बोलले जाते, राज्यघटनेवर बोलले जाते, शेतमालाच्या भावावर बोलले जाते. जुनी मोटार विकत घेताना तिचे इंजिन कसे पारखावे, हे सांगायला एका तेलाने हात काळे केलेल्या माणसाला इथे उभे करणे म्हणजे चालकांनी धाडसच केले म्हणायचे. पण १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात व्याख्यानांची ही प्रथा सुरू केली, ती जाणत्याने आपले थोडेफार चार लोकांत वाटावे म्हणूनच. माझ्या गाठीशी जे आहे ते तेलकट आहे; तेच वाटायला मी आलो आहे.

विषय जरी गाडीचा असला, तरी त्याच्या पोटात एक जुनाच प्रश्न आहे. जी वस्तू आपल्याला उघडून पाहता येत नाही, तिची परीक्षा करायची कशी? आणि ती वस्तू आपल्याला मनापासून हवी असेल, तर ती परीक्षा निःपक्षपातीपणे करायची कशी? बैल घेताना शेतकरी त्याचे दात मोजतो, खुर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. इंजिनाला दात नाहीत. त्याची झीज ज्या ठिकाणी होते, ती सगळी ठिकाणे लोखंडाच्या पोटात झाकलेली असतात. तेव्हा बाहेरच्या खुणांवरून आतले ओळखायचे, म्हणजे वैद्याचेच काम झाले.

आयुर्वेदात रोग्याच्या आठ परीक्षा सांगितल्या आहेत: नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती. लोकांना वाटते की खरा वैद्य नुसत्या नाडीवरून सगळे सांगतो. तसे असते तर उरलेल्या सात परीक्षा कशाला सांगितल्या असत्या? एकटे लक्षण फसवते. चार लक्षणे एकाच दिशेला बोट दाखवू लागली की मगच निदान करावे, असा त्यातला मला कळलेला अर्थ आहे. आजच्या भाषणात मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सगळा तपशील.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, खिशातून शिकलो. १९८६ साली मी पुण्यात एक जुनी ॲम्बॅसेडर घेतली. इंजिन सुरू केले तर इतके शांत, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलावे. धूर नाही, खडखड नाही. मी कानावर विश्वास ठेवला आणि पैसे मोजले. तिसऱ्या आठवड्यात साताऱ्याला निघालो. खंबाटकीचा घाट अर्धा चढलो आणि इंजिनाच्या पोटातून लाकडावर हातोडी मारावी तसा ठोका ऐकू येऊ लागला. गाडी दोरीला बांधून परत आणली. मेकॅनिकने खालचे बूच काढून तेल बोटांवर घेतले आणि म्हणाला, "साहेब, हे तेल नाही, हा काकवीचा पाक आहे." विकणाऱ्याने दाट तेल भरले होते. दाट तेलाने झिजलेल्या बेअरिंगमधली फट भरून निघते, आवाज दबतो, धूर कमी होतो. घाटात तेल तापले, पातळ झाले आणि खरे ते बाहेर आले. मी एका साक्षीदारावर विसंबलो होतो आणि तो साक्षीदार फितवलेला होता.

आता ज्या गाडीचे उदाहरण घ्यायचे तिच्याकडे वळतो. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. तिथल्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत एमजीबी नावाची बुटकी, उघड्या टपाची, दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी तयार होत असे. १९६५ पासून जीटी नावाची तिची बंद टपाची बहीणही निघाली. एमजी ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या ऑक्सफर्डच्या जुन्या पेढीच्या नावातली. दोन्ही बहिणी मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. आज त्यांतली सर्वांत धाकटी गाडीही पंचेचाळिशी ओलांडलेली आहे. तरी इंग्लंडात त्या अजून विकल्या जातात, घेतल्या जातात आणि रविवारी सकाळी रस्त्यावर दिसतात.

एवढी लांबची गाडी मी का निवडली? कारण तिचे इंजिन आपल्या घरातलेच आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज नावाच्या इंजिनकुळातली ही दोन भावंडे. आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये पुष्कळ वर्षे असलेले १४८९ सीसीचे इंजिन हे एक आणि एमजीबीमधले १७९८ सीसीचे हे दुसरे. पिस्टनची वरखाली धाव दोघांत सारखीच, ८८.९ मिलिमीटर. सिलिंडरचा व्यास तेवढा वाढवला आहे: ॲम्बॅसेडरचा ७३ मिलिमीटर, तर एमजीबीचा ८०.२६. एकाने आमच्याकडे सहा सहा माणसे आणि टपावर ट्रंका घेऊन पन्नासच्या आसपास अश्वशक्तीवर जन्म काढला. दुसऱ्याने दोन कार्ब्युरेटर लावून पंचाण्णव अश्वशक्ती दाखवली आणि शर्यती धावल्या. तेव्हा ॲम्बॅसेडरचे टॅपेट वाजताना ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना एमजीबीची भाषा निम्मी येतेच.

एक गोष्ट आधीच प्रामाणिकपणे सांगून टाकतो. एमजीबी घेताना इंजिन ही सर्वांत मोठी भीती नव्हे. सर्वांत मोठी भीती गंजाची. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा आहे आणि इंग्लंडच्या ओल्या हवेत, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तो दाराखालून कुजत जातो. कुजलेल्या सांगाड्यांची गरज इतकी, की १९८८ पासून एमजीबीचे अख्खे सांगाडे नव्याने तयार होऊ लागले. इंजिन मात्र बिडाचे, साधे, सुटे भाग आजही मिळणारे. मग इंजिनाची एवढी चौकशी कशाला? दोन कारणांसाठी. इंजिन पुरते उतरवून बांधायचे तर खर्च सामान्य माणसाच्या कंबरेत बसणारा असतोच, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे. इंजिन ही आधीच्या मालकाच्या सवयींची वही असते. ज्याने तेल वेळेवर बदलले नाही, त्याने बाकीचे वेळेवर केले असेल, असे मानायला जागा उरत नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत मी इंग्लंडात माझ्या भाच्याकडे होतो. त्याने तीन वर्षे पैसे साठवले होते आणि १९७० सालची एक लाल एमजीबी हेरून ठेवली होती. म्हणाला, "मामा, तुम्ही नुसते बघून या म्हणा. गाडी मी जवळजवळ ठरवलीच आहे." मी म्हटले, "अरे, ठरवली असशील तर मला कशाला नेतोस? आणि नेणार असशील तर अजून ठरवू नकोस." तो हसला, पण त्या हसण्यात त्याची पंचाईत मला दिसली.

रविवारी सकाळी दहाला आम्ही पोहोचलो. गाडी दारात उभी, न्हाऊन माखून. मालक मध्यमवयीन, अगत्यशील गृहस्थ. मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट गरम. मालक म्हणाले, "थंडी फार आहे, तुम्हाला तिष्ठत ठेवायला नको म्हणून मी आधीच फिरवून आणली." मी आभार मानले आणि उद्या सकाळी, गाडीला हात न लावता, पुन्हा दाखवाल का, असे विचारले. भाचा माझ्याकडे रागाने पाहू लागला. मालक मात्र लगेच हो म्हणाले.

श्रोतेहो, गरम इंजिनाची परीक्षा म्हणजे जेवून, पान खाऊन बसलेल्या रोग्याची जीभ पाहणे. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनातले तेल खाली उतरलेले असते, धातू आकसलेला असतो, फटी उघड्या पडलेल्या असतात. जे काही झिजलेले असेल ते त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात बोलते. आपल्याला काही विचारायचे असेल तर त्याच वेळी विचारावे.

दुसऱ्या दिवशी इंजिन थंडगार होते. सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी पाहायच्या. पहिली, तेल मोजायची पट्टी. तेल काळे असणे हा गुन्हा नव्हे. तेल काम करते म्हणून काळे होते. अगदी नवे, मधासारखे तेल दिसले तर मात्र विचारावे, की कालच का बदलले? बोटांवर घेऊन दाटपणा पाहावा. काकवीची आठवण मी विसरलेलो नाही. दुसरी, वरचे तेलाचे झाकण. त्याच्या आत पिवळट, लोण्यासारखा लगदा असला तर लोक घाबरतात, की पाणी तेलात मिसळते आहे. पण थंड देशात थोडेथोडे चालणाऱ्या गाडीत नुसत्या दवानेही तो जमतो. म्हणून तिसरी गोष्ट: रेडिएटरचे झाकण, तेही इंजिन थंड असतानाच, उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहावे. झाकणाखाली लगदा आणि पाण्यावर तवंग, दोन्ही असतील तर काळजी खरी. एकटा लगदा असेल तर नुसती नोंद करून पुढे जावे. चौथी गोष्ट प्लग. ही इंजिनाची जीभ. चारही प्लग काढून क्रमाने मांडावेत. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते. ओलसर काळे तेल म्हणजे सिलिंडरमध्ये तेल शिरते आहे. आमच्या गाडीचे पहिला आणि चौथा प्लग चांगले होते. दुसरा आणि तिसरा किंचित काजळलेले. मी वहीत लिहून ठेवले, बोललो काही नाही.

मग किल्ली फिरवली. पहिल्या क्षणी कान आणि डोळे दोन्ही कामाला लावावे लागतात. डोळे तेलाच्या दाबाच्या काट्यावर. काही सेकंदांत तो चढला पाहिजे. या गाडीच्या काही सालांच्या इंजिनांत तेलाची गाळणी उलटी बसवलेली असल्याने ती रात्रीतून रिकामी होते आणि सुरुवातीला क्षणभर खडखड होते. तेवढ्यावर घाबरायचे कारण नाही. पण दाब चढल्यावरही ठोका चालू राहिला तर तो बेअरिंगचा. आवाजांत भेद करायला शिकले पाहिजे. वरून येणारी हलकी, शिवणयंत्रासारखी टिकटिक म्हणजे टॅपेट. बी-सिरीज इंजिनात ती थोडी असावीच. टॅपेट अगदी मुका असेल तर त्याची फट फार कमी ठेवलेली असण्याचा संभव असतो, मग व्हाल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. आमचे जुने मिस्त्री म्हणायचे, बोलका टॅपेट बरा. समोरच्या बाजूने साखळी खुळखुळते, ती टायमिंग चेन. ती बदलता येते. पोटातून, गाडी ओढत असताना, जड घुमणारा आवाज येतो, तो क्रँकच्या मुख्य बेअरिंगचा. आणि वेग धरून पाय किंचित उचलताच जो हलका, भराभर ठोका पडतो, तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. हे दोन आवाज ऐकले की हिशेब इंजिन बांधण्याचाच करावा.

आमच्या लाल गाडीत यांतला एकही ठोका नव्हता. पण पहिले दोन मिनिटे ती अडखळत होती. आपल्याकडे म्हणतात तसे मिस मारत होती. इंजिन तापले तशी ती बरीचशी सुधारली. आदल्या दिवशी गरम अवस्थेत हे आम्हाला कळले नसते. मालक म्हणाले, "कार्ब्युरेटर जुळवून घ्यायला हवेत, माझा मेकॅनिकही तेच सांगतो." भाच्याला हायसे वाटले. कार्ब्युरेटर जुळवणे म्हणजे एका दुपारचे काम.

गाडी तापल्यावर आम्ही दहा-बारा मैल फिरून आलो. तेलाच्या दाबाची खरी परीक्षा आता. कारखान्याच्या पुस्तकाप्रमाणे तापलेले इंजिन रस्त्यावर चालू असताना चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि उभे असताना १० ते २५ पौंड दाब असावा. थंड इंजिनात कोणत्याही गाडीचा काटा उंच दिसतो. त्याचे कौतुक करू नये. आमचा काटा चालताना साठाजवळ आणि उभ्याने विसाच्या वर होता. पोटातून ठोका नाही आणि गरम दाब चांगला, हे दोन साक्षीदार एकमेकांना पाठिंबा देणारे. एक तिसराही घेतला. इंजिन बंद ठेवून भाच्याला क्लच दाबायला-सोडायला लावले आणि मी क्रँकच्या पुढच्या पुलीवर डोळा ठेवला. पुली पुढेमागे सरकलेली डोळ्यांना सहज दिसली तर आतले थ्रस्ट वॉशर गेले समजावे. ती हलली नाही. इंजिनाचा खालचा अर्धा भाग निरोगी आहे, असे मी वहीत लिहिले.

धुराबद्दल दोन शब्द. थंड सकाळी मागून पांढरी वाफ येते, ती आपल्या श्वासासारखीच निरुपद्रवी. इंजिन पुरते तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळा धूर म्हणजे तेल जळते. पण तो केव्हा येतो, हे पाहायला हवे. उतारावर पाय काढून गाडी तशीच जाऊ द्यावी आणि खाली येऊन पुन्हा पाय द्यावा. त्या क्षणी निळा लोट आला तर तेल व्हाल्व्हच्या गाइडमधून उतरते. चढावर ओढताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत. आपल्या भाषेत, इंजिन बोअरला आले आहे. पहिले दुखणे वरच्यावर बरे होते, दुसऱ्याला पोट उघडावे लागते. रंग तोच, वेळ वेगळी, खर्च वेगळा. आमच्या गाडीला निळा धूर नव्हता. चढावर मात्र ती पंचाण्णव अश्वशक्तीची वाटत नव्हती.

आता शेवटची परीक्षा, दाबमापकाची. चारही प्लग काढायचे, कॉइलची तार सोडवायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि एकेका सिलिंडरच्या तोंडाशी मापक लावून स्टार्टरवर इंजिन फिरवायचे. निरोगी एमजीबीत चौरस इंचाला १६० पौंडांच्या आसपास आकडा मिळतो. पण मापकामापकात फरक असतो, म्हणून एकट्या आकड्यापेक्षा चार आकड्यांतला मेळ पाहावा. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक अंतर नसावे. आमचे आकडे आले ते असे: १५५, ११०, १०५, १६०.

भाच्याचा चेहरा उतरला. मी म्हटले, "थांब, अजून विचारायचे आहे." दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडले आणि पुन्हा मोजले. तेलाने रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजते. आकडा चढला असता तर दोष रिंगांचा. आकडा जवळजवळ हलला नाही. म्हणजे गळती खालून नव्हे, वरून होती.

आणि आता सगळे साक्षीदार एकत्र बसवून पाहा. दोष कार्ब्युरेटरचा असता तर कोणते सिलिंडर एकत्र आजारी पडले असते? या इंजिनात पुढचा कार्ब्युरेटर पहिल्या-दुसऱ्याला पेट्रोल पाजतो आणि मागचा तिसऱ्या-चौथ्याला. दुखणे तर दुसऱ्याला आणि तिसऱ्याला, म्हणजे दोन वेगवेगळ्या घरांतल्या शेजाऱ्यांना. त्या दोघांत समाईक काय? मधली भिंत. म्हणजे तिथे हेड गास्केट जळाले असले पाहिजे. शिवाय या दोघांचे एक्झॉस्ट व्हाल्व्ह हेडच्या मधोमध शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचा धूर एकाच तोंडाने बाहेर पडतो. हेडचा सर्वांत तापणारा भाग तोच, आणि बी-सिरीज हेडला चीर जाण्याची ख्यातीही त्याच भागाची. काजळलेले दोन प्लग, थंडीतले अडखळणे, चढावरची मरगळ आणि हे चार आकडे, सगळ्यांनी एकाच जागेवर बोट ठेवले होते. कार्ब्युरेटर निर्दोष सुटला.

आता मालकाविषयी. मी त्यांना चारही आकडे दाखवले तेव्हा ते खरोखरच चकित झाले. त्यांना हे ठाऊक नव्हते. चार वर्षांपूर्वी गाडी घेतली, उन्हाळ्यातले रविवार ती चालवली, एवढाच त्यांचा संबंध. बॉनेट गरम होते ते अगत्याने, आणि कार्ब्युरेटरचा सल्ला त्यांना मिळाला होता तसाच त्यांनी पुढे दिला. त्या अंगणात लबाड असे कोणी नव्हते. आणि तरीही भाच्याची तीन वर्षांची बचत चुकीच्या किमतीला गेली असती. आपण जुनी वस्तू घेताना विकणाऱ्याचा चेहरा वाचायला जातो. चेहरा प्रामाणिक असू शकतो आणि इंजिन नादुरुस्त असू शकते. म्हणून माणसाविषयी वाईट मत न करून घेता वस्तूची परीक्षा पुरी करावी. तशी केली तर कोणाचा अपमान होत नाही, असा माझा अनुभव आहे.

कागदपत्रांबद्दलही सांगितले पाहिजे. या गाड्यांच्या मैलमापकात पाचच आकडे असतात. एक लाख मैल झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. ३२ हजार दिसले तर ते १ लाख ३२ हजारही असू शकतात. इंग्लंडात दरवर्षीच्या सरकारी तपासणीची २००५ नंतरची नोंद कोणालाही पाहता येते, तिच्यात मैलांचे आकडे असतात. पण २०१८ च्या मेपासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना ती तपासणी सक्तीची राहिलेली नाही. म्हणजे सगळ्या एमजीबींच्या वहीची शेवटची पाने कोरी असण्याचा संभव आहे. दुसरे, इंजिन क्रमांक मूळचा नसला तर बिचकू नये. त्या काळी कारखान्याने पुन्हा बांधलेली इंजिने बदलून मिळत. त्यांना 'गोल्ड सील' म्हणत आणि त्यांचा रंग सोनेरी असे. मात्र सोनेरी रंगाचा डबा कोणत्याही दुकानात मिळतो, हे लक्षात असू द्यावे. आणि तिसरे, 'फार कमी चाललेली' या शब्दांना भुलू नये. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात सिलिंडरला गंज धरतो, रिंगा चिकटतात, ऑइल सील वाळतात. रोज फिरायला जाणारे म्हातारे गृहस्थ खाटेवर पडून राहिलेल्या तरुणापेक्षा धडधाकट असतात, तसेच हे आहे.

तिथेच मला झीज आणि हेळसांड यांतला फरक सांगावासा वाटतो. झीज ही चाललेल्याची खूण आहे. टॅपेट बोलका, मागच्या बाजूने तेलाचे चार थेंब, चामडे फाटलेले, ही पन्नाशीच्या गाडीची झीज. तिचा हिशेब करता येतो. हेळसांड वेगळी. ती रंगाखाली दडते आणि एका जागी दिसली की चार जागी असते. लाल गाडीच्या मालकाने तेलाच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, पाण्यात गोठणरोधक द्रव व्यवस्थित होता, गरम दाब उत्तम होता. म्हणून मी भाच्याला म्हटले, "ही आजारी आहे, टाकलेली नाही."

पण किंमत काय द्यायची? गास्केट बदलणे स्वस्त. हेडला चीर असेल तर हेडच बदलावे लागणार, तो खर्च कितीतरी मोठा. हेड उतरवल्याशिवाय दोहोंतले कोणते, हे सांगणे कोणालाही शक्य नव्हते. परीक्षेची हद्द इथे संपते, आणि इथेच इच्छा माणसाला पुढे ढकलते. भाचा म्हणाला, "गास्केटच असेल, मामा." मी विचारले, "हे तुला आकड्यांनी सांगितले की लाल रंगाने?" तो गप्प बसला. मग आम्ही नियम केला: जे कळत नाही ते वाईट आहे असे धरून किंमत ठरवायची. नव्या हेडचा खर्च वजा करून त्याने आकडा सांगितला. मालकांनी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी कबूल झाले.

महिन्याभराने भाच्याचा फोन आला. हेड उतरवले, गास्केट दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये जळालेले होतेच; पण हेड साफ केल्यावर तिथल्या एक्झॉस्ट व्हाल्व्हच्या बैठकीपाशी केसासारखी बारीक चीर निघाली. दुसरे हेड घालावे लागले. नवे घालताना त्याने कणखर व्हाल्व्ह-सीट असलेले घातले. इंग्लंडात १९९९ अखेर शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबल्यापासून जुन्या बिडाच्या हेडच्या व्हाल्व्ह-सीट लवकर झिजतात, त्याचाही बंदोबस्त झाला. खर्च आम्ही धरला होता तेवढ्यात भागला. यात माझ्या निदानाची थोरवी काही नाही. नुसते गास्केट निघाले असते तर त्याचे पैसे वाचले असते, एवढेच. आम्ही बरोबर ओळखले नव्हते; आम्ही वाईट धरून चाललो होतो.

श्रोतेहो, समारोप करतो. आपणांपैकी बहुतेकांना स्पोर्ट्स गाडी घ्यायची नाही, हे मला ठाऊक आहे. पण जुने घर आपण घेतो, जुना पंप घेतो, दुसऱ्याने वापरलेला ट्रॅक्टर घेतो. तिथेही हेच लागू आहे. वस्तू थंड असताना पाहावी. एका लक्षणावर खूश होऊ नये आणि एका लक्षणावर घाबरूही नये. दाखवले जाते ते पाहावेच, पण न दाखवलेलेही विनयाने मागावे. जिथे आपली नजर पोहोचत नाही, तिथे वाईट धरून हिशेब करावा. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, ती वस्तू आपल्याला फार आवडली असेल, तर आपल्या कानांवर थोडा अविश्वास ठेवावा. माझ्या ॲम्बॅसेडरच्या वेळी लबाडी विकणाऱ्याची होती, हे खरे. पण ते दाट तेल मी पट्टी काढून पाहिले असते तर मला तिथेच दिसले असते. मी पट्टी काढली नाही, कारण मला ती गाडी हवी होती.